लंकामावशीचं बसणं

मावशी, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या पोरींना मांडीखाली चादरीची घडी कशी ठेवायची ते दाखवत होते. मला ऑफिसात बोलावलं; फोन काकांचा, तुझ्या मालकांचा होता. ते एवढंच म्हणाले, "रुतुजा, तुझी मावशी गेली गं." आणि मी, बघ किती मूर्ख, विचारलं, "कुठं?" तू चांदवडहून सारखी कुठे ना कुठे जायचीसच, कधी लेकीकडे, कधी बाजार समितीत, कधी कुणाच्या बाळंतपणाला. मग माझ्या डोक्यात शिरलं.

आज इथे टेकडीवर तुझी शोकसभा झाली. तिथे मी जे केलं ते तुला सांगायचंय, पण एकदम नाही सांगता येणार, थोडं मागून यावं लागेल. "तुला तांब्याभर पाणी द्यायचं असलं तरी तू विहिरीपासून सुरू करतीस," असं तू म्हणायचीसच. तर आता ऐक विहिरीपासून. आज तुला उठून जाता येणार नाही.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. आपलं हे ध्यानाचं विद्यापीठ सिन्नर फाट्यापासून आत, टेकडीवर. फाट्यावरून जीपने आलीस, दोन पिशव्या आणि एक वळकटी घेऊन. ऑफिसातल्या क्लार्कनं तुला विचारलं, मुलगी कुठाय? तू म्हणालीस, "मीच हाय मुलगी." पन्नाशी ओलांडलेली बाई, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झालेली, दोन्ही लेकींची लग्नं लावून पदवीला आली होती. क्लार्क तुझ्याकडे आणि फॉर्मवरच्या फोटोकडे आलटून पालटून बघत राहिला. मी मागे रांगेत उभी होते आणि मनात म्हणत होते, देवा, ही माझ्या खोलीत नको. आणि देवानं नेमकं तेच केलं.

खोलीत तू पिशव्या ठेवल्यास आणि विचारलंस, कुठली गं तू? मी म्हटलं, पंचवटीची. वडिलांचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. तू नाव सांगितलंस, लंका. मग तूच पोट धरून हसायला लागलीस. "पंचवटीची तू आणि लंका मी. आता कोणी कोणाला पळवून न्यायचं ते ठरव बाई." मी तेव्हा हसले नाही. बारावीला मार्क कमी पडून फार्मसी हुकली होती, दुसरं काही सुचेना म्हणून वडिलांनी मला इथं आणून टाकलं होतं, आणि मी सगळ्या जगावर फुगून बसले होते. ऋतुजा हे नाव तुझ्या जिभेवर चढेना. चार दिवसांत त्याचं रुते झालं. नाव बरोबर हाय, रुततीसच, असंही वर म्हणायचीस.

पहिला आठवडा मी तुला अहोजाहो केलं. एकदा तू वैतागलीस आणि विचारलंस की आईला अहो म्हणतीस का. मी नाही म्हटलं. मंग मला कशाला परकी करू राहिली, म्हणालीस. तेव्हापासून तू माझी 'तू' झालीस.

इथे पहिल्या दिवशी नियमांचा कागद देतात. साडेचारला घंटा. पाच ते सात बैठक, म्हणजे सगळ्यांनी मोठ्या हॉलमध्ये मांडी घालून डोळे मिटून बसायचं. नाश्त्यापर्यंत मौन. मोबाइल ऑफिसात जमा, रविवारी दोन तास मिळणार. पांढरे कपडे. दिवसा तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संस्कृत, शरीरशास्त्र, आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास बैठक. जेवणात कांदा लसूण नाही. बाकी सगळं तू शांतपणे ऐकलंस, पण या शेवटच्या ओळीला ताडकन उठलीस. कांदा तामसी आहे असं मेसच्या बाईनं समजावलं, तेव्हा तू म्हणालीस, आमच्या चांदवडात येऊन म्हणून दाखव. पहिल्या रविवारी काका भेटायला आले आणि तुझ्या पलंगाखाली कांद्याची पिशवी आली. रविवारी दुपारी आपण खोलीचं दार लावून भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा खायचो आणि मग संध्याकाळच्या बैठकीला तोंडाला रुमाल लावून बसायचो. रेक्टर मॅडमना सगळं कळत होतं, मला खात्री आहे. त्या दारावरून जाताना मुद्दाम खोकायच्या.

आणि ते बसण्याचं प्रकरण. तू फोनवर काकांना सांगितलंस की इथं सगळे रोज दोनदा बसतात, सर लोकसुद्धा बसतात, आणि मी पण बसू राहिले. काकांनी ते पारावर जसंच्या तसं सांगितलं. तुमच्या गावात पुरुष माणसं 'बसतात' म्हणजे काय करतात ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आठवडाभर गावात चर्चा, लंकाबाई या वयात बसायला लागली, तेही रोज, तेही पहाटे पाचला. धाकटा जावई तर तुला घेऊन जायला आला. ऑफिससमोर उभा राहून तो हळू आवाजात मला विचारत होता की बाटल्या कोण आणून देतं. मी त्या दिवशी जी हसले, ती इथे आल्यापासून पहिल्यांदा हसले.

पण मावशी, तुझं खरं बसणं मी दहाव्या दिवशी पाहिलं. तोपर्यंत आम्हा पोरींची दैना झाली होती. पाठ मोडायची, पायाला मुंग्या यायच्या, कोणी रडायचं, कोणी पोटदुखीचं सोंग करून खोलीवर पळायचं. मी चोरून डोळे उघडून घड्याळ बघायचे. त्या दिवशी घड्याळाऐवजी तुझ्याकडे नजर गेली. तू बसली होतीस. हातावर माशी बसली, उडाली, पुन्हा बसली. तू हललीस नाहीस. चेहऱ्यावर साधनेचा वगैरे काही आव नाही. तू फक्त तिथे होतीस, पुरती. मी त्या दिवशी घड्याळ विसरले, उरलेला सगळा वेळ तुलाच बघत राहिले. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि का आला ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मावशी, कसं जमतं गं तुला? तू चप्पल शोधत होतीस. तू म्हणालीस, "अगं, सगळी जिंदगी कोणी मला बस म्हणलं नाय. बसले की सासू म्हणायची, बसून खाती. इथं लोक बस म्हणू राहिले, आणि वर त्याचे मार्क देऊ राहिले. मी कशाला उठू?"

कांद्याच्या रोपांवर दिवस दिवस वाकलेली बाई तू, तुला बसणं ही शिक्षा नव्हती, चैन होती. आम्ही सगळ्या काहीतरी मिळवायला बसायचो. तुला बसायला मिळालं हेच मिळालं होतं.

मग आपलं ठरलं, मी तुला संस्कृत शिकवायचं आणि तू मला बसायला. तू संस्कृतमध्ये पास झालीस, त्रेचाळीस मार्क. मी बसायला शिकले नाही. शिकले असं दाखवायला मात्र शिकले.

आता वहीचं सांगते. तुला माहीत असलेलंच सांगते, पण आज ते माझ्या तोंडून यायला हवं. प्रत्येक बैठकीनंतर अनुभव वहीत दोन ओळी लिहायच्या, असा नियम. त्या वहीला साधनेच्या पेपरात मार्क. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, 'पाय दुखले.' त्याखाली लाल शाईत शेरा आला, 'अधिक सूक्ष्म निरीक्षण करा.' मला तो शेरा झोंबला. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं की भुवयांच्या मध्ये निळसर प्रकाश दिसला. शेरा आला, 'उत्तम.' झालं. मी पंचवटीतली पोर. लहानपणापासून दुकानात बसून यात्रेकरूंच्या तोंडून ऐकत आलेले, कोणाला गाभाऱ्यात उजेड दिसला, कोणाला गोदेत उभं असताना मंत्र ऐकू आला. ती सगळी भाषा मला तोंडपाठ होती. तीन वर्षं मी वहीत प्रकाश पाडत राहिले. कधी निळा, कधी सोनेरी. सणासुदीला दोन्ही.

तू काय लिहायचीस? 'बसले. काही नाही.' रोज. तारीख आणि त्याखाली, 'बसले. काही नाही.' कधीतरी 'बसले. गुडघा.' एकदा 'बसले. डास लय.' वह्या तपासणारे तुझ्या वहीवर शेरा लिहिता लिहिता थकले आणि नंतर नुसती सही करायला लागले.

तुला पहिल्याच महिन्यात कळलं होतं माझं सगळं. तू माझी वही वाचलीस, मी आंघोळीला गेले असताना, चोरटी कुठली. मी आले तर म्हणालीस, "तुझ्या डोक्यात येवढा उजेड पडतो, मंग खोलीतला बल्ब कशाला जाळतीस?" मी लाजले आणि चिडलेही. सगळ्याच लिहितात असं, मी म्हटलं. तू म्हणालीस, मी नाय लिहीत. मग ते तुला लिहिता येत नाही म्हणून, मी म्हटलं. किती दुष्टपणे म्हटलं. तू भाकरीचा तुकडा मोडलास आणि माझ्या ताटात टाकलास. या विषयावर आपण नंतर दहादा भांडलो आणि दहाही वेळा मीच ओरडले.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. तिच्यात तुझं सगळं अडकलं होतं. इथे पुढे दोन वर्षांचा वरचा वर्ग आहे, त्यात साधनेच्या मार्कांवर पहिल्या चौघींनाच घेतात. तुला त्या वर्गात यायचं होतं. नोकरी नको होती, सर्टिफिकेट नको होतं. मला अजून दोन वर्षं बसायचंय, एवढंच तुझं म्हणणं. घरी गेले की मला कोण बसू देणार, असं तू एकदा म्हणालीस, हसत म्हणालीस, पण मी तुझा चेहरा पाहिला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तुला म्हटलं, मावशी, मी लिहून देते, तू पाठ कर, एक सोनेरी ज्योत, दोन ओळी, बस. तू माझ्या गालावर हळूच चापट मारलीस. आणि नाही म्हणालीस.

हे तुला कधी बोलले नाही: त्या दिवशी मी दाराबाहेर होते. तुझ्यानंतर माझा नंबर होता आणि दार अर्धवट उघडं होतं. बाहेरगावच्या परीक्षकांनी तुझी वही चाळली आणि विचारलं, तीन वर्षांत तुम्हाला काहीच अनुभव नाही? तू म्हणालीस, "साहेब, घरी मी बसले की कोणीतरी हाक मारायचं. सासू, मालक, पोरी, म्हैस. इथं कोणी हाक मारत नाय. तरी मला हाक ऐकू येती. रोज येती. मी उठत नाय. मंग ती जाती. मंग पुन्हा येती. येवढंच हाय."

मावशी, मी भिंतीला टेकले. तीन वर्षं पुस्तकातून मन आणि विचार आणि साक्षी हे शब्द वाचले होते, त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. इथं ते सगळं मोजक्या वाक्यांत माझ्यासमोर उभं होतं, सासू आणि म्हशीसकट. मला वाटलं आत जाऊन सांगावं, ही पहिली, बाकी सगळ्या घरी जा. आत परीक्षक म्हणाले, ठीक आहे, आणि पुढे कोण, असं विचारलं.

मी आत गेले आणि सोनेरी ज्योतीवर पंधरा मिनिटं बोलले.

निकालात मी दुसरी आले. तू पाचवी.

त्या दिवशी तू मला एका शब्दानंही दोष दिला नाहीस. मी खोलीत यायला घाबरत होते, मेसच्या पायरीवर बसून राहिले. तूच शोधत आलीस. चल, वळकटी बांधायला हात लाव, म्हणालीस. मी रडायला लागले तर तू मलाच समजावत होतीस. आमच्या गावात कोणती बाई तीन वर्षं बसली, सांग बरं, म्हणालीस. मला पुरलं, असंही म्हणालीस. उरलेले कांदे तू माझ्यासाठी ठेवून गेलीस. एक बोल लावला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू उदार होतीस म्हणून मला तुझा रागही यायचा, हेही आज सांगून टाकते.

तू गेल्यावर माझी वही आदर्श वही झाली. दर वर्षी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात ती वाचून दाखवतात. वाचून कोण दाखवतं? मीच. वरच्या वर्गाच्या मुलींनी पहिल्या वर्षाला शिकवायचं असतं ना. या वर्षी सिन्नरची एक मुलगी आली आहे, स्नेहल. गेल्या महिन्यात माझ्याकडे येऊन रडली. ताई, मला काहीच दिसत नाही, मी घरी जाते, माझ्यातच काहीतरी कमी आहे, म्हणाली. मी तिला सांगितलं की सराव कर, दिसेल. दिसेल, म्हणाले मी! त्या रविवारी मी तुला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस. शेवटी म्हणालीस, "सांगून टाक रुते. ती पोर जाईल."

आणि मी भडकले. सांगून टाक म्हणायला काय जातंय, माझी जागा जाईल, माझे वडील दुकानात येईल त्याला माझं कौतुक सांगतात, तुझं बरं आहे, घरी बसून बोलायला. असं म्हटलं मी तुला. तू फक्त म्हणालीस, घरी कुठं बसायला मिळतं पोरी. मी फोन ठेवला. कापला, खरं तर. तो आपला शेवटचा फोन.

तू गेल्यावर भेटायला तुझ्या दारावर आले तेव्हा काकांनी मला घरामागे नेलं, कांदे साठवायची चाळ दाखवली. आत एका बाजूला पोतं अंथरलेलं होतं. ते म्हणाले, तिथं ती रोज सकाळी बसायची, दोन तास. मला वाटलं होतं तुझं बसणं सुटलं. तू मला कधी बोलली नाहीस. मी विचारलं, काका, कोणी हाक नाही मारायचं? ते म्हणाले की ती आल्या दिवशीच त्यांनी घरात सगळ्यांना, गड्यांनासुद्धा, सांगून ठेवलं होतं, लंका चाळीत असली की घर पेटलं तरी हाक मारायची नाही. काका, ज्यांनी आयुष्यभर चहासाठी तुला हाका मारल्या. मी त्या पोत्याकडे बघत राहिले. चाळीत कांद्याचा उग्र वास भरला होता, माझे डोळे चुरचुरत होते, आणि मला एकदम इतकं लहान वाटलं. तुला हॉल लागला नाही, घंटा लागली नाही, पांढरे कपडे लागले नाहीत. मी इथे टेकडीवर तुझ्या जागेवर बसून दोन वर्षं घड्याळ बघत होते, आणि तू तिथे बसत होतीस.

तर शोकसभा. हॉल भरला होता. काका आणि धाकटी लेक पुढे बसले होते. आपले साधना विभागाचे मोठे सर अध्यक्ष. तुला शिकवायला कधी नव्हत्या अशा एक नव्या प्राध्यापिका बोलायला उठल्या आणि त्यांनी सांगितलं की लंकाबाई ध्यानाला बसलेल्या असतानाच त्यांनी देह ठेवला. सगळ्या हॉलनं हात जोडले. मी काकांकडे बघितलं. ते गोंधळून लेकीकडे बघत होते. मावशी, तू भर दुपारी जावयाशी ठिबकच्या नळीवरून भांडत होतीस. त्याला मूर्ख म्हणालीस, वाक्य पुरं केलंस, आणि कोसळलीस. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. नाशिकला पोचायच्या आत सगळं संपलं.

माझा नंबर पुढचा होता. माझ्या हातात लिहून आणलेला कागद होता, चांगला लिहिलेला, ते मला येतंच. मी उठले आणि मला दिसलं की तुझ्यावरही आता निळा सोनेरी प्रकाश पडायला सुरुवात झाली आहे. आज ध्यानात गेल्या, पुढच्या वर्षी ज्योत दिसली म्हणतील, आणि त्यानंतर तू कुठे उरणार. मी कागद घडी करून ठेवला. मी सांगितलं, त्या ध्यानात नाही गेल्या, त्या जावयाशी भांडत होत्या. त्यांना तीन वर्षांत एकदाही प्रकाश दिसला नाही, त्यांनी तसंच लिहिलं, आणि या हॉलमध्ये त्यांच्यासारखं बसलेलं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. मग मी म्हटलं, "मलाही कधी काही दिसलं नाही. माझी वही खोटी आहे, पहिल्या आठवड्यानंतरचं प्रत्येक पान. त्या वहीमुळे मी दुसरी आले आणि मावशी पाचव्या."

मागच्या रांगेत स्नेहल बसली होती, तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. सभेनंतर मोठ्या सरांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, पहिल्या आठवड्यात काय लिहिलं होतंस? मी सांगितलं, पाय दुखले. आणि त्यावरचा शेराही सांगितला. सर खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "तो शेरा माझा होता."

त्यांनी ठरवलंय की आदर्श वही बंद. मी शिकवणं थांबवायचं आणि उद्यापासून पहिल्या वर्षाबरोबर बसायचं, वही न लिहिता. वरच्या वर्गातली माझी जागा राहील की जाईल ते मंडळ ठरवेल. वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन. ते दुकानात काय सांगणार, हे मला सुचत नाही.

काकांना सोडायला फाट्यापर्यंत गेले. जीप भरायची होती, आम्ही उभे होतो. मी म्हटलं, काका, मला माफ करा, मावशीची जागा मी खाल्ली. ते म्हणाले, तिला ठाऊक व्हतं की. निकालाच्या दिवशीच सांगितलं व्हतं तिनं. मग मी त्या शेवटच्या फोनचं सांगितलं, की मी तिच्यावर ओरडले, फोन कापला, आणि ती तशीच गेली. काका माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "त्या रविवारी व्हय? त्या दिवशी तर लय खुशीत व्हती ती. मला म्हणली, रुती आज चिडली बरं का. आता सांगल ती."

जीप सुटली. मी सिन्नर फाट्यावर सगळ्या जीपवाल्यांच्या समोर रडले, मावशी. एक माणूस पाण्याची बाटली घेऊन आला. मग टेकडी चालत चढून आले.

उद्या साडेचारला घंटा होईल. हॉलच्या शेवटच्या रांगेत स्नेहलच्या शेजारी माझं आसन टाकलंय. इतकी वर्षं बसायच्या आधीच मला माहीत असायचं की आज मला काय दिसणार आहे. उद्याचं मला काहीही माहीत नाही.